बुधवारच्या रात्रीची नोंद

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा, जुना कॉम्प्युटर चालू करायला मला अकरा दिवस लागले. माझं वय त्र्याहत्तर. सकाळी चहा झाला की मी हॉलमधल्या टेबलाशी बसायचो आणि जेवायला हाक येईपर्यंत उठायचो नाही. बायकोला वाटलं, मला पत्त्यांच्या खेळाचा नाद लागला. तिनं सुनेला विचारलं, "काय करतेत गं हे दिवसभर?"

सून मला मामा म्हणते. ती म्हणाली, "मामा कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर बसवतेत."

"एक काय कमी व्हता?" बायको म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या कॉम्प्युटरची थोडी मेमरी आणि थोडी डिस्क बाजूला काढून द्यायची, की तेवढ्या जागेत एक खोटा कॉम्प्युटर उभा राहतो. पडद्यावर तो एका चौकटीत दिसतो. तो स्वतःला खराच समजतो. त्याच्यात पंचवीस वर्षांपूर्वीची विंडोज घातली तर ती सुखानं चालते. आपण कुणाच्या घरात आहोत, बाहेर कोणतं साल चालू आहे, हे तिला कळत नाही.

मला हे करायचं होतं ते एका नोंदीसाठी. माझ्या जुन्या दुकानात मी एका मुलीची जन्मपत्रिका काढली होती. ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते आजच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. त्या नोंदीत मी नेमकं काय भरलं होतं, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्या मुलीची आई अजून जिवंत आहे आणि जे घडलं त्याचा दोष ती स्वतःकडे घेऊन बसली आहे.

बीडला बस स्टँडच्या मागं माझं दुकान होतं. लग्नाची कार्डं, अर्ज, शाळांचे पेपर असं सगळं मी टाइप करून छापून द्यायचो. जन्मपत्रिकेचं सॉफ्टवेअर मी पुण्याहून आणलं तेव्हा आमच्या भागात ते कुणी पाहिलं नव्हतं. मला ज्योतिष येत नव्हतं, आजही येत नाही. नाव, तारीख, वेळ, गाव एवढं भरायचं. ग्रह, नक्षत्र, गुणमेलन, सगळं तेच काढायचं. प्रिंटर करकरत पानं बाहेर टाकायचा आणि समोरची माणसं गप्प बसून तो आवाज ऐकायची. हातानं काढलेल्या पत्रिकेवर वाद घालणारे लोक त्या कागदावर वाद घालत नसत. कुणी घातलाच तर माझं एक वाक्य ठरलेलं होतं: कॉम्प्युटर चुकत नाही.

एका उन्हाळ्यात उमापूरकडची तीन माणसं आली. एक तरुण, त्याचा चुलता आणि त्याचा मामा. तरुणाचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. वडिलांचं तेरावं करून ते तिघं सरळ माझ्याकडं आले होते. तरुणाचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. वडील शेतातून येताना बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. चुलत्यानं खिशातून वहीचा एक कागद काढला. त्यावर सुनेचं नाव, जन्मगाव चौसाळ्याजवळचं, जन्माची तारीख आणि पुढं लिहिलेलं: बुधवार, रात्री दोनचा सुमार. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या आईनं जे सांगितलं ते त्यांनी तसंच उतरून घेतलं होतं.

"त्या टायमाला नेकनूरच्या जोशीबुवानं जुळवून दिलतं," चुलता म्हणाला. "आमाला डाउट हाय. तुमी मशीनवर बघा."

मी तारीख भरली. वेळेच्या जागी दोन भरले, मध्यरात्रीनंतरचे. गाव निवडलं. पडद्यावर नक्षत्र आलं: मूळ.

मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याला वाईट, असं आपल्याकडं मानतात. हे मला सांगावंही लागलं नाही. पान बाहेर आलं तसं चुलत्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"बघ बे," मामा पोराला म्हणाला. "म्हनलं न्हवतं?"

पोरगा कागदाकडं बघत राहिला. मग त्यानं मला विचारलं, "साहेब, हे पक्कं हाय का?"

मी त्याला माझं ठरलेलं वाक्य सांगितलं.

मुलीला त्यांनी त्याच आठवड्यात माहेरी आणून सोडलं. पांढऱ्या पायाची, असं तिचं नाव दोन तालुक्यांत झालं.

तीनेक आठवड्यांनी नेकनूरचे जोशीबुवा माझ्या दुकानात आले. म्हातारे होते, धोतर आणि पायात साध्या चपला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी पिशवीतून हातानं काढलेली पत्रिका बाहेर काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "पूर्वाषाढा आहे साहेब. मूळ नाही. तुमच्या मशीननं मूळ कसं दिलं ते बघायला आलो."

"तारीख घातली, वेळ घातली, त्यानं दिलं."

"वार कोणता घातला?"

"तारीख घातली की वार आपोआप येतो, महाराज."

"हां, तिथंच घोळ आहे." त्यांनी शांतपणे सांगायला घेतलं. आपला दिवस सूर्य उगवला की सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत चालतो. बाई बुधवारची रात्र म्हणते, तेव्हा बुधवारी दिवस मावळल्यानंतरची रात्र म्हणते. त्या रात्रीचे दोन म्हणजे इंग्रजी हिशेबानं गुरुवार लागलेला असतो. तुमचं मशीन रात्री बाराला दिवस बदलतं. तुम्ही बुधवारच्या तारखेला दोन भरले म्हणजे मंगळवारच्या रात्रीचे भरले. एक अख्खा दिवस आधीचे. चंद्र एका दिवसात एक नक्षत्र चालतो.

ते बोलले त्यातलं अक्षर न् अक्षर मला समजलं. माझ्या घरात, माझ्या आईच्या तोंडी वार असेच मोजले जायचे. पण दुकानात माणसं बसली होती. ज्यांच्या मुलांच्या पत्रिका मी काढून दिल्या होत्या तीच होती त्यातली दोन. मी हसलो. म्हणालो, "महाराज, तुमचं पंचांग तुमच्यापाशी. कॉम्प्युटर चुकत नाही." एक गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. बुवांनी पत्रिकेची घडी केली आणि ते पायऱ्या उतरून गेले.

या प्रसंगाची मी स्वतःला जी हकीकत सांगत आलो ती अशी: बुवा गेले, मी कामाला लागलो, विषय डोक्यातून गेला. पुढं त्या तरुणाच्या दुसऱ्या लग्नाची कार्डंही मीच छापली. मग काही वर्षांनी, दुकान बंद केल्यावर, एकदा रिकामपणी पंचांग चाळताना बुवांचं म्हणणं खरं होतं हे माझ्या ध्यानात आलं आणि तोवर फार उशीर झाला होता. वाईट वाटायचं, पण या हकीकतीत मी अडाणी होतो. अडाणी माणसाला झोप लागते.

गेल्या वर्षी एका लग्नाहून परतताना मी चौसाळ्याच्या फाट्यावर बसची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. थोडा वेळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी ते बीडचे कॉम्प्युटरवाले न्हवं का?"

मी हो म्हणालो. ती त्या मुलीची आई होती. तिनं ते सांगितलं तेव्हा मी उठून पळून जावं असं मला वाटलं, पण तिच्या आवाजात राग नव्हता.

"मी आलते तुमच्या दुकानात. जोशीबुवाच्या संगं. मी अन् आमचे मालक बाहेर पायरीवर बसलतो. आत कावून जायाचं, म्हनलं, शिकलेल्या मानसात." मग म्हणाली, "माझंच चुकलं बगा साहेब. जन्माची येळ मी सांगितली. न्हाई सांगाय पायजे व्हती. दिवसाची कोन्तीबी सांगितली असती तर झालं असतं. आडानी बाई, खरं बोलून बसले. मालक जाईस्तोवर म्हनायचे, तूच पोरीचं वाटोळं केलं."

बस आली. तिनं मला पुढं चढू दिलं, कारण मी मोठा माणूस. मी खिडकीशी बसलो आणि तिला काहीही न सांगता बीडला उतरलो. हे मी केलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं सोडा, हे गेल्या वर्षीचं आहे.

घरी आल्यावर मात्र मला राहवेना. तिला सांगायचं तर आधी नोंद बघावी, असं मी ठरवलं. आज वाटतं, तेही थोडं लांबवणंच होतं.

दुकानातल्या कॉम्प्युटरचा जुना डबा माळ्यावर होता. तो सुरू होत नव्हता. माझ्या दुकानाशेजारी तेव्हा टीव्ही दुरुस्त करणारा एक मुसलमान मेकॅनिक होता. आता तो कॉम्प्युटर करतो, दाढी पांढरी झाली आहे. त्यानं डिस्क काढून कानाशी धरली, हलवली आणि म्हणाला, "काका, हिच्यात जान हाय अजून." आतलं सगळं त्यानं मला पेनड्राइव्हवर उतरून दिलं. "पन हे चालवनार कशावर? आजच्या मशीनवर हे पळत न्हाई. घरीच डब्बल मशीन टाका, व्हर्च्युअल मशीन." व्हर्च्युअल मशीन हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकला.

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर बसलं, पण मशीन सुरू करायला गेलो की लाल अक्षरांत नकार. सून संध्याकाळी कॉलेजातून आली. ती तिथं कॉम्प्युटरच शिकवते. तिनं वाचलं आणि सांगितलं, ही सोय आपल्या कॉम्प्युटरात आहे, पण कंपनीकडून येतानाच बंद असते. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरायचं, निळा पडदा येतो, त्यात जाऊन ती चालू करायची. मी चार वेळा उशिरा दाबलं. पाचव्यांदा जमलं.

मग मेमरी किती द्यायची, असं त्यानं विचारलं. आपल्या पाहुण्याला कमी कशाला, म्हणून मी अर्ध्याहून जास्त दिली. दोन्ही कॉम्प्युटर जागच्या जागी अडकले. सून म्हणाली, "मामा, त्या जुन्या विंडोजला एवढं घेऊन काय करायचंय? घरच्याला उपाशी ठेवून पाहुण्याला किती वाढता!" मग कमी केली आणि दोघंही चालायला लागले.

विंडोजची सीडी माझ्याकडं होती, तिच्या कव्हरवर नंबर मीच पेननं लिहिलेला. ती बसायला एक सकाळ गेली. रंग आले तेही भडक, अक्षरं मोठी. आणि माउस त्या चौकटीत शिरला तो बाहेरच येईना. मी टेबलाच्या कडेपर्यंत माउस ओढला, तरी बाण आतच. शेवटी मी भिंतीवरचं बटण बंद केलं. सून संध्याकाळी पोट धरून हसली. "उजवीकडचं कंट्रोल दाबा, की सोडतंय तुम्हाला." पुढं पेनड्राइव्हवरच्या फायली आत न्यायच्या तर ती जुनी विंडोज पेनड्राइव्ह ओळखत नव्हती. तो तिच्या जन्मानंतरचा. त्या फायलींची एक खोटी सीडी करायची आणि ती खोट्या कॉम्प्युटरात घालायची, हे शोधण्यात आणखी तीन दिवस गेले.

मला हे दिवस आवडत होते, हे कबूल करतो. रोज एक अडचण, रोज तिची एक चावी. काम चालू आहे तोवर चौसाळ्याला जायचं नव्हतं.

जन्मपत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी सुनेनं मला स्नॅपशॉट घ्यायला लावला. मशीन आत्ता जसं आहे तसं टिपून ठेवायचं; पुढं काही बिघडलं तर पुन्हा इथं येता येतं. मी घेतला. अकराव्या दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, त्या सॉफ्टवेअरचा जुना निळा पडदा उघडला. नोंदींची यादी आली. नाव, जन्मतारीख, वेळ, गाव आणि शेवटच्या रकान्यात नोंद केल्याची तारीख.

मुलीचं नाव सापडलं. बुधवारची तारीख, दोन वाजता. मी भरलं होतं तसंच.

त्याच्या बऱ्याच खाली तेच नाव पुन्हा होतं. तेच गाव, तीच वेळ, तारीख एक दिवस पुढची. मी ती उघडली. पूर्वाषाढा.

ही दुसरी नोंद मीच केलेली होती, कारण त्या मशीनला दुसरं कुणी हात लावत नसे. नोंदीची तारीख पहिलीनंतर तेवीस दिवसांची होती. आणि त्या तारखेकडं बघता बघता मला ते दिसलं. जोशीबुवा पायऱ्या उतरून गेले होते. गिऱ्हाइकं पांगली होती. मी एकटा बसून तारीख एकनं पुढं केली होती आणि पडद्यावर आलेला शब्द वाचला होता. प्रिंट दिली नव्हती.

आधी मी मशीनला दोष द्यायला बघितलं. त्या डब्याचं घड्याळ बॅटरी कमजोर झाली की मागं पडायचं. पण डिस्कवर लग्नाच्या कार्डांच्याही फायली होत्या. त्या तरुणाच्या दुसऱ्या लग्नाचं कार्ड त्यात निघालं. कार्डावर लग्नाची तारीख छापलेलीच असते. ती माझ्या दुसऱ्या नोंदीनंतर अडीच महिन्यांची होती. घड्याळ एवढं मागं पडत नसतं. म्हणजे मला कळलं होतं तेव्हा अजून काही मोडलं नव्हतं. सोडचिठ्ठी व्हायची होती. मी एक प्रिंट काढून उमापूरला गेलो असतो तर कदाचित ते लोक तिला परत घेऊन गेले असते. कदाचित नसतेही. ते बघायची संधी मी कुणाला दिली नाही. उलट कार्डावरची वरची ओळ जरा ठळक करा म्हणून चुलता सांगत होता, ती मी ठळक करून दिली.

मी ती दुसरी नोंद निवडली आणि पुसून टाकली. यादी वर सरकली, मधली फट बुजली. चौसाळ्याला न्यायला आता माझ्याकडं एकच नोंद होती आणि ती मला अडाणी ठरवायला पुरेशी होती.

रविवार होता, सून घरीच होती. जेवताना तिनं विचारलं, "सापडली का मामा नोंद?"

"सापडली. एकच होती," मी म्हणालो. "चुकून भरलेली."

तिनं मान हलवली आणि मला भाकरी वाढली. मी खाली मान घालून जेवत राहिलो. इतकं खरं वाटेल असं मी बोललो होतो की मलाच त्यात काही खोटं सापडेना. गेली पंचवीस वर्षं मी स्वतःशी असाच बोलत आलो असणार. हात धुतले, टेबलाशी गेलो आणि मशीन स्नॅपशॉटवर मागं नेलं. काही सेकंदांत दुसरी नोंद यादीत आपल्या जागी परत आली. मी दोन्ही नोंदींचे पडद्यावरून फोटो घेतले आणि सुनेला बोलावून छापायला दिले. तिनं दोन्ही कागद वाचले, तारखा वाचल्या. मग विचारलं, "मामा, आमच्या लग्नाच्या वेळी तुम्ही माझी पत्रिका कावून मागितली नाही, ते याच्यामुळं का?"

"हो."

"बरं केलं," ती म्हणाली. "उद्या जाऊन या."

चौसाळ्याजवळच्या त्या गावात मी उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. मुलगी, म्हणजे आता पन्नाशीकडं झुकलेली बाई, अंगणवाडीत काम करते. ती अजून यायची होती. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं. मी कागद तिच्यापुढं धरले आणि मग ध्यानात आलं की तिला वाचता येत नाही. म्हणून तोंडानं सांगितलं. बुधवारची रात्र म्हणजे काय, मी काय भरलं, कसं चुकलं.

तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "म्हंजी म्या बरुबर सांगितलतं?"

"बरोबर सांगितलं होतं."

"बुधवारच म्हनलते मी. बाजाराचा दिस व्हता, मला पक्कं ध्यानात हाय."

"बुधवारच. मी एक दिवस आधीची तारीख भरली. चूक माझी."

ती ओट्यावरून उठली, कुंपणापाशी गेली आणि शेजारणीला हाक मारली. "ये गं हिकडं. ऐक ह्ये काय म्हनतेत." शेजारीण हात पुसत आली. "सांगा हिला," म्हातारी मला म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. शेजारीण म्हणाली, "अगं बाई!" तेवढ्यात समोरून एक चुलत जाऊ चालली होती, तिलाही बोलावलं. "सांगा." मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती जाऊ जरा तिखट होती. "मशीन चुकत न्हाई म्हनं," ती म्हणाली, "मग आता कसं चुकलं?"

"मशीन नाही, मी चुकलो."

"आसं हाय व्हय!" ती म्हणाली आणि टेकायला जागा करून बसली.

तेवढ्यात मुलगी आली. पर्स खुंटीला लावली, सगळ्यांकडं बघितलं. आईनं तिला घाईघाईनं सांगितलं. ती उभ्यानंच माझ्या हातातले कागद घेऊन वाचायला लागली. ती वाचणारी होती. तिची नजर शेवटच्या रकान्यावर थांबली.

"काका, ही दुसरी नोंद कुणाची?"

"माझी."

"ह्या तारखेला तुम्हाला कळलं होतं?"

"हो. जोशीबुवा येऊन गेले त्याच दिवशी."

"माझी सोडचिठ्ठी ह्याच्यानंतर झाली."

"हो. आणि त्यांच्या दुसऱ्या लग्नाची कार्डंही मीच छापली. तेव्हा मला माहीत होतं."

 आतापर्यंत मी तीनदा जे सांगितलं होतं त्यात हे नव्हतं, हे तिघी बायकांच्याही लक्षात आलं. मुलगी आईशेजारी बसली. बराच वेळ ती कागदांची एकच घडी घालत आणि उलगडत राहिली.

"एक विचारते," ती म्हणाली. "तारीख बरोबर भरली असती अन् तरी मूळच निघालं असतं तर? मग मला सोडलं ते बरोबर होतं का?"

या प्रश्नासाठी मी काही छापून आणलं नव्हतं. अकरा दिवस मी तारखेच्या मागं होतो. बरोबर नक्षत्र हाती आलं की ती सुटेल आणि तिच्याबरोबर मीही, असं मी धरून चाललो होतो.

"नाही," मी म्हणालो. "त्या माणसाचं हृदय बंद पडलं होतं. मला तेव्हाही ते दिसत होतं. मी कागद काढून दिला कारण लोक कागद मागायला आले होते."

 माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते मागितलं नाही. म्हातारी मात्र ओट्याच्या टोकाशी जाऊन गल्लीतल्या आणखी एकीला हाक मारत होती. मुलगी म्हणाली, "आई, पुरे आता." म्हातारी म्हणाली, "का पुरे? पंचीस वर्सं ऐकलं म्या. आता ह्ये बी समद्यांला ऐकू दे."

चौथी बाई आली. म्हातारीनं माझ्याकडं बोट केलं. मुलगी आत गेली नाही, तिथंच बसून माझ्याकडं बघत राहिली. या वेळी मी जोशीबुवांपासून सुरुवात केली.